मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरची साफसफाई आणि तपासणी: आधी मळ पाहा, मग तो काढा, मग मोजा

सहा गोळ्या झाडून झाल्या की मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या भागावर, समोरच्या बाजूला सहा काळी वर्तुळे उमटतात आणि बहुतेक मालकांचा हात सर्वांत आधी त्या वर्तुळांकडेच जातो. ती घासून काढण्यात अर्धा तास जातो, रिव्हॉल्व्हर चकचकीत दिसू लागते, आणि ज्या चार-पाच जागांवर या शस्त्राची अचूकता, सुरक्षितता आणि आयुष्य ठरते त्या जागांकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. या लेखात सांगितलेली पद्धत याच्या उलट आहे. काजळी, शिशाचे कण आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या हा आपल्या रिव्हॉल्व्हरने स्वतःच लिहून ठेवलेला अहवाल असतो. तो वाचण्याआधीच पुसून टाकला तर पुढच्या वेळेपर्यंत काहीच कळत नाही. उलट, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांच्या साधनाने, घ्यायची मोजमापे मळ असताना घेतली तर ती हमखास चुकतात. म्हणून क्रम असा ठेवावा: मळ असताना पाहायचे, मग साफ करायचे, आणि साफ झाल्यावर मोजायचे.

ही काळजी लहान बोअरच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा येथे अधिक का लागते, हे काही आकड्यांवरून स्पष्ट होते. जुन्या .४५ कोल्ट काडतुसाची कमाल दाबमर्यादा सुमारे १४,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. १९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नमसाठी ती ३६,००० आहे, .४५४ कासुलसाठी ६५,०००, आणि २००३ साली आलेल्या .५०० स्मिथ अँड वेसनसाठी सुमारे ६०,०००. चांगल्या पोलादाची चौकट आणि सिलिंडर हा दाब सहज पेलतात. खरा ताण येतो तो सांध्यांवर. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटीतून तप्त वायू सुटतो, धक्क्याने स्क्रू सैल होतात, सिलिंडर दर वेळी पुढे-मागे आपटते आणि अजून न झाडलेल्या काडतुसांतली गोळीसुद्धा त्याच धक्क्याने पुंगळीतून पुढे सरकू पाहते. या प्रत्येक गोष्टीची खूण कुठे तरी उमटते, आणि ती कुठे शोधायची हे माहीत असले म्हणजे अर्धे काम झाले.

सुरुवात करण्यापूर्वी

नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून सिलिंडर उघडावे, सर्व काडतुसे बाहेर काढावीत, आणि प्रत्येक चेंबर, म्हणजे सिलिंडरमधले काडतूस बसायचे भोक, डोळ्यांनी पाहून वर बोटानेही चाचपावे. सिलिंडर बाजूला न उघडणाऱ्या, म्हणजे मागच्या बाजूच्या छोट्या झडपेतून एकेक काडतूस भरायच्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर एका पूर्ण फेरीपेक्षा थोडे जास्तच फिरवावे आणि चेंबर मोठ्याने मोजावेत, कारण पाच की सहा असा गोंधळ याच प्रकारात होतो. त्यानंतर सगळा दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवावा. टेबलावर एकही जिवंत काडतूस नसावे, नमुन्यादाखलसुद्धा नाही.

तीन प्रसंगी घरच्या टेबलापर्यंत येण्याची वाटच पाहू नये. गोळी झाडताना आवाज नेहमीपेक्षा मंद आला आणि धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबावे, रिव्हॉल्व्हर रिकामे करावे आणि नळीत गोळी अडकलेली नाही याची खात्री करून घ्यावी. त्या अवस्थेत दुसरी गोळी झाडली गेली तर नळी फुगते किंवा फुटते. चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर नळीचे तोंड लक्ष्याच्याच दिशेला ठेवून किमान ३० सेकंद थांबावे आणि मगच सिलिंडर उघडावे. पुढे सरकलेली गोळी सिलिंडरच्या बाहेर डोकावून नळीला अडकली आणि सिलिंडर फिरेनासे झाले, तर जोर लावू नये. मैदानावरच जाणकार व्यक्तीला बोलवावे. हे संकट हलक्या वजनाच्या, पण जोरदार काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अधिक येते, कारण शस्त्र जितके हलके तितका त्याचा मागचा झटका तीव्र असतो.

बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाशी असलेल्या छोट्या टोपीत, शिशाचे संयुग असते आणि उघड्या शिशाच्या गोळ्यांमुळे त्यात आणखी भर पडते. त्यामुळे ही काजळी म्हणजे साधी धूळ नव्हे. खोलीत हवा खेळती असावी, हातात नायट्राइलचे मोजे असावेत, टेबलावर चहा-पाणी, खाणे काही नसावे, आणि काम संपल्यावर हात साबणाने, आधी थंड पाण्याने धुवावेत. वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. लहान मुले किंवा गर्भवती स्त्री घरात असेल तर हे काम त्यांच्या वावराच्या खोलीत करूच नये.

साधने फार लागत नाहीत. प्लास्टिकचा लेप असलेला किंवा पितळी, एकसंध रॉड. नळीच्या मापाचा एक ब्रॉन्झ ब्रश आणि चेंबरसाठी त्याहून एक माप मोठा दुसरा. सुती कापडाचे तुकडे, सॉल्व्हंट, हलके तेल, नायलॉनचा दात घासायचा ब्रश, फीलर गेज, एक भिंग आणि चांगला टॉर्च. स्क्रू-ड्रायव्हर मात्र जपून निवडावा. बाजारातल्या सामान्य स्क्रू-ड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते असते. ते स्क्रूच्या खाचेत फक्त वरच्या कडेला टेकते, घसरते आणि खाच खराब करते. बंदुकांच्या कामासाठीचे पाते टोकापाशी दोन्ही बाजूंनी समांतर असते आणि खाच पूर्ण भरते. एखादे जुने रिव्हॉल्व्हर कोणाच्या हातून गेले आहे, हे त्याच्या स्क्रूंच्या डोक्यांवरून चटकन कळते.

मळ असताना काय पाहावे

याची तयारी मैदानावरच करावी लागते. बारीक मार्करने सिलिंडरवर प्रत्येक चेंबरला क्रमांक द्यावा आणि शेवटच्या फेरीतल्या पुंगळ्या त्याच क्रमाने डबीत ठेवाव्यात. हे किचकट वाटते, पण सहा पुंगळ्यांची ही रांग जेवढे सांगते तेवढे पुढची कुठलीही तपासणी सांगत नाही.

प्रथम प्रायमरवरचा फायरिंग पिनचा, म्हणजे प्रायमरवर आघात करणाऱ्या टोकाचा, खड्डा पाहावा. तो मध्यावर, गोल आणि सारख्या खोलीचा असावा. सर्व पुंगळ्यांवर तो एकाच बाजूला थोडा सरकलेला असेल, तर बहुधा ती त्या रिव्हॉल्व्हरची मुळातलीच ठेवण असते आणि थोड्या फरकाने काही बिघडत नाही. पण एकाच क्रमांकाच्या चेंबरमध्ये तो सरकत असेल, तर ते चेंबर गोळी सुटताना नळीच्या नेमके समोर येत नाही, असा संशय घ्यावा. खड्डे उथळ होत चालले असतील, तर मुख्य स्प्रिंग सैल झाली आहे किंवा तिला ताण देणारा स्क्रू मागे आला आहे, हे आधी तपासावे.

मग पुंगळ्या बाहेर काढताना किती जोर लागला, ते आठवावे. सगळ्या चेंबरमध्ये त्या घट्ट बसल्या असतील, तर प्रश्न बहुधा काडतुसाचा आहे; ती काडतुसे बाजूला ठेवावीत आणि पुन्हा वापरू नयेत, मग ती कारखान्यातली असोत की कोणी हाताने भरलेली. एकाच चेंबरमध्ये पुंगळी अडकत असेल, तर दोष त्या चेंबरच्या भिंतीत किंवा तिथल्या मळात आहे. हा भेद केला नाही, तर माणूस चांगल्या काडतुसांना दोष देतो किंवा त्याहून वाईट म्हणजे धोकादायक काडतुसांना निर्दोष ठरवतो.

आता सिलिंडर उघडून नळीच्या मागच्या तोंडाकडे पाहावे. गोळी चेंबरमधून उडी घेऊन जिथे नळीत शिरते, तिथे शंकूच्या आकाराचा एक उतार असतो. त्याला फोर्सिंग कोन म्हणतात. त्यावरची काजळी सर्व बाजूंनी सारखी असावी. एका बाजूला शिशाचा चकाकता थर अधिक असेल, किंवा चौकटीच्या आतल्या बाजूला एकाच अंगाला शिशाचे बारीक शिंतोडे उडालेले असतील, तर गोळी सरळ शिरत नसून त्या बाजूला खरडली जात आहे. शेजारी उभ्या असलेल्या नेमबाजाच्या गालाला किंवा हाताला बारीक कण टोचल्याची तक्रार असेल, तर हीच खूण आधी शोधावी. थोडेफार शिंतोडे मात्र प्रत्येक रिव्हॉल्व्हर उडवतेच, आणि म्हणूनच गोळी झाडताना अंगठा किंवा दुसऱ्या हाताची बोटे सिलिंडरच्या पुढच्या फटीजवळ कधीही ठेवायची नसतात; .५०० सारख्या काडतुसाचा तिथून सुटणारा वायू बोटाला गंभीर इजा करू शकतो.

फटीच्या थेट वर, चौकटीच्या वरच्या पट्टीच्या खालच्या अंगाला, एक आडवी बारीक चर कोरलेली दिसेल. नवा मालक ती पाहून घाबरतो. तप्त वायूने धातू झिजून ती तयार होते आणि साधारणपणे काही खोलीपर्यंत गेल्यावर तिचे वाढणे थांबते. तिचा फोटो काढून ठेवावा आणि काही महिन्यांनी त्याच प्रकाशात पुन्हा पाहावे. ती वाढत राहिली तरच कारागिराला दाखवावी.

शेवटी इजेक्टर रॉड, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा, चिमटीत धरून हलकेच फिरवून पाहावा. तो सैल झाला असेल तर पुढे सरकून सिलिंडर उघडूच देत नाही, आणि हे नेहमी भर सरावात घडते. दृष्टिबिंदूंचे, मुठीचे आणि बाजूच्या पट्टीचे स्क्रूही याच वेळी तपासावेत. सिंगल ॲक्शनमध्ये सिलिंडरचा मुख्य दांडा, बेस पिन, धक्क्याने पुढे सरकला आहे का, तेही पाहावे.

एवढे सगळे वहीत टिपून घेतल्यावरच सॉल्व्हंटची बाटली उघडावी.

साफसफाई

रिव्हॉल्व्हरची नळी मागून साफ करता येत नाही, कारण चौकट आडवी येते. रॉड तोंडाकडूनच घालावा लागतो. नळीच्या तोंडाची कड ही गोळी नळी सोडताना शेवटी जिला स्पर्श करते ती जागा. तिथे एका बाजूला जरी ओरखडा पडला, तरी नेम बिघडतो. म्हणून रॉडवर शंकूसारखी प्लास्टिकची किंवा पितळी टोपी चढवून ती तोंडात बसवावी आणि रॉड तिच्या मधोमध चालवावा. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला कापडाचा तुकडा प्रथम नळीतून आणि मग प्रत्येक चेंबरमधून फिरवावा आणि १०-१५ मिनिटे काहीही करू नये. सॉल्व्हंटला वेळ दिला की हाताचे कष्ट निम्म्याने कमी होतात. तांबे विरघळवणाऱ्या अमोनियायुक्त सॉल्व्हंटबाबत मात्र बाटलीवर दिलेली वेळ ओलांडू नये, आणि निकेलचा मुलामा असलेल्या रिव्हॉल्व्हरवर तो वापरूच नये. निकेलखाली अनेकदा तांब्याचा थर असतो. मुलाम्याला कुठे चीर असेल तर अमोनिया तिथून आत शिरतो आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटू लागतो.

या वेळात चेंबरकडे वळावे. येथे एक खास घोळ असतो. .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल आणि .४५४ कासुलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४५ कोल्ट ही आखूड, सौम्य काडतुसे सरावासाठी सर्रास वापरली जातात, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र .४४ स्पेशलची पुंगळी मॅग्नमच्या पुंगळीपेक्षा सुमारे ३ मिलिमीटरने आखूड असते. तिच्या तोंडापुढे चेंबरच्या भिंतीवर काजळी आणि शिसे यांचे एक कडे जमते. नंतर पूर्ण लांबीचे काडतूस भरले की त्याच्या पुंगळीचे तोंड नेमके त्या कड्यात जाऊन बसते. काडतूस पूर्ण आत जात नाही, किंवा दाबून बसवले तर गोळी सोडण्यासाठी पुंगळीच्या तोंडाला फुलायला जागाच उरत नाही आणि दाब वाढतो. म्हणून आखूड काडतुसांच्या सरावानंतर पूर्ण ताकदीची काडतुसे भरण्यापूर्वी हे कडे काढणे ही सोय नव्हे, ती सुरक्षिततेची अट आहे.

ते काढण्यासाठी चेंबरपेक्षा थोडा घट्ट बसणारा ब्रश लागतो; .४४ च्या चेंबरसाठी .४५ चा ब्रॉन्झ ब्रश चांगला चालतो. सिलिंडर क्रेनसकट, म्हणजे ज्या बिजागरीसारख्या भागावर ते बाजूला उघडते त्यासकट, वेगळे करता येत असेल तर करावे, म्हणजे हात मोकळा राहतो. ब्रश आत-बाहेर नेण्याबरोबरच त्या कड्याच्या जागी गोल फिरवावा. ब्रश नळीत किंवा चेंबरमध्ये असताना मध्येच दिशा बदलू नये. आरपार न्यावा आणि मग मागे घ्यावा, नाही तर तारा वाकतात आणि ब्रश तिथेच अडकून बसतो. शेवटी पूर्ण लांबीची एक स्वच्छ रिकामी पुंगळी प्रत्येक चेंबरमध्ये सोडून पाहावी. ती स्वतःच्या वजनाने पूर्ण आत बसली पाहिजे.

आता एक्स्ट्रॅक्टरचा तारा. सिलिंडरच्या मागच्या बाजूला असलेल्या या चांदणीसारख्या भागाखाली दारूचा एखादा न जळलेला कण अडकला, तर तारा केसाएवढा वर राहतो, सिलिंडर मागच्या बाजूला घासू लागते आणि चाप अचानक जड होतो. ‘माझ्या रिव्हॉल्व्हरचे टायमिंग गेले’, म्हणजे सिलिंडर वेळेवर जागेवर येत नाही, म्हणून कारागिराकडे आलेल्या कितीतरी रिव्हॉल्व्हरचा उपाय म्हणजे कोरडा ब्रश आणि दोन मिनिटे. इजेक्टर रॉड दाबून तारा पूर्ण वर धरावा आणि नायलॉनच्या ब्रशने ताऱ्याची खालची बाजू व सिलिंडरमधली त्याची बैठक, दोन्ही कोरडीच झाडावीत. येथे तेल लावू नये. तेलावर पुढचे कण अधिक घट्ट चिकटतात. हा त्रास मुळातच कमी करायचा असेल, तर पुंगळ्या काढताना नळीचे तोंड आकाशाकडे करून रॉड एकदाच, ठामपणे दाबण्याची सवय लावावी, म्हणजे कण पुंगळ्यांबरोबर खाली पडतात. तोंड खाली धरून हळूहळू दाबले की ते नेमके ताऱ्याखाली जातात.

फोर्सिंग कोन आणि नळीची सुरुवातीची काही सेंटिमीटर ही शिसे साचण्याची मुख्य जागा. एक जुना आणि खात्रीचा उपाय असा: भांडी घासायच्या शुद्ध तांब्याच्या जाळीचे काही धागे जुन्या ब्रॉन्झ ब्रशभोवती गुंडाळावेत आणि तो ब्रश कोरड्या नळीतून काही वेळा न्यावा. शिशाचे पापुद्रे निघून येताना स्पष्ट दिसतात. जाळी खरोखर तांब्याची आहे याची लोहचुंबकाने खात्री करावी, कारण पुष्कळ जाळ्या पोलादी असून त्यांवर नुसता तांब्याचा मुलामा असतो, आणि पोलाद नळीला ओरखडे पाडते. शिसे काढणारे रसायन लावलेले पिवळे कापडही मिळते. ते स्टेनलेस पोलादावर उत्तम चालते, पण निळा मुलामा असलेल्या रिव्हॉल्व्हरच्या बाहेरच्या अंगावर लागले तर शिशाबरोबर मुलामाही पुसून नेते.

फोर्सिंग कोन स्वच्छ झाला की भिंग आणि टॉर्च घेऊन तो सावकाश पाहावा. बारीक जाळीदार खुणा किंवा खडबडीतपणा म्हणजे झीज. ती हळूहळू वाढते आणि तिच्यावर लक्ष ठेवता येते. पण काठापासून निघालेली एखादी सरळ, काळी रेघ दिसली आणि ती कितीही घासली तरी गेली नाही, तर ती चीर समजावी आणि त्या रिव्हॉल्व्हरमधून पुढे एकही गोळी झाडू नये.

नळीचा उरलेला भाग ब्रशने काही फेऱ्या आणि मग स्वच्छ कापडाने, तुकडा पांढरा निघेपर्यंत पुसावा. राहता राहिली सिलिंडरवरची ती काळी वर्तुळे. मऊ ब्रशने जेवढी निघतात तेवढी काढावीत आणि बाकीची तशीच राहू द्यावीत. त्यांनी काहीही बिघडत नाही. खरखरीत पावडरने ती घासत राहिले तर मात्र सिलिंडरचे तोंड झिजते आणि फट आपणच रुंद करून ठेवतो.

बाजूची पट्टी उघडून आतली यंत्रणा दर वेळी साफ करण्याची गरज नाही. रिव्हॉल्व्हर पाण्यात पडले असेल, आत वाळू गेली असेल किंवा जुने तेल चिकट झाले असेल, तरच ती उघडावी. उघडायचीच असेल तर पट्टी कधीही पात्याने उचकटू नये. सगळे स्क्रू काढून, ते कुठले कुठे होते ते टिपून, स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने चौकटीच्या मुठीकडच्या भागावर हलके ठोके द्यावेत. कंपनाने पट्टी आपोआप वर येते. उचकटलेली कड पुन्हा कधीच नीट बसत नाही.

इजेक्टर रॉड काढायचा असेल तर आट्यांची दिशा आधी माहितीपुस्तिकेत पाहावी, कारण अनेक आधुनिक रिव्हॉल्व्हरमध्ये ते उलटे असतात. मी एकदा सवयीप्रमाणे पिळत गेलो आणि रॉड सैल होण्याऐवजी आणखी आवळून ठेवला. पिळताना चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या भरून ठेवाव्यात, म्हणजे ताण ताऱ्याच्या नाजूक पिनांवर न येता पुंगळ्यांवर येतो.

स्वच्छ झाल्यावर मोजमाप

रिव्हॉल्व्हर रिकामे आहे याची पुन्हा एकदा खात्री करावी, कारण आता हॅमर, म्हणजे मागचा घोडा, ताणायचा आहे.

पहिले मोजमाप सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीचे. सिलिंडर बंद करून ते अंगठ्याने मागे दाबून धरावे आणि फीलर गेजचे जे सर्वांत जाड पाते जोर न लावता आत जाईल ते नोंदवावे. ०.१० ते ०.२० मिलिमीटर ही चांगली फट समजावी, ०.२५ च्या पुढे गेल्यास कारागिराचा सल्ला घ्यावा. मग सिलिंडर पुढे दाबून तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे होणारी हालचाल, जिला एंड शेक म्हणतात. समजा, मागे दाबल्यावर ०.२० आणि पुढे दाबल्यावर ०.१५ आले, तर एंड शेक ०.०५ आहे आणि काळजीचे कारण नाही. हा फरक ०.१० मिलिमीटरच्या वर गेला, तर प्रत्येक गोळीबरोबर सिलिंडर हातोड्यासारखे आपटत आहे. झीज तिथून झपाट्याने वाढते, आणि बारीक शिम, म्हणजे पातळ चकती, घालून होणारी छोटी दुरुस्ती टाळली तर पुढे मोठी करावी लागते. मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये वहीत नोंदवण्यासारखा एकच आकडा निवडायचा झाला, तर मी एंड शेक निवडेन.

दुसरी तपासणी टायमिंगची. सिलिंडरवर बोटाचा हलका अडथळा ठेवून हॅमर अत्यंत सावकाश मागे ओढावा. हॅमर पूर्ण ताणला जाण्याच्या आधी किंवा त्याच क्षणी सिलिंडरचा अडसर खाचेत ‘टक्’ करून बसला पाहिजे. हॅमर पूर्ण मागे आला तरी अडसर बसला नाही आणि सिलिंडर बोटाने आणखी थोडे फिरवावे लागले, तर त्या चेंबरचा क्रमांक लिहावा. हे सर्व चेंबरसाठी करावे, घाईने एक-दोन पाहून थांबू नये. मळ असताना ज्या क्रमांकाच्या पुंगळीवर खड्डा सरकलेला दिसला होता, तोच क्रमांक येथे आला तर दोष निश्चित झाला. आता कारागिराला ‘काहीतरी बिघडले आहे’ असे न सांगता नेमका चेंबर सांगता येतो.

डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे चाप ओढूनच हॅमर ताणला जाणाऱ्या प्रकारात, चाप पूर्ण ओढून धरलेल्या अवस्थेत सिलिंडर बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहावे. किंचित हालचाल योग्यच असते, कारण गोळी नळीत शिरताना चेंबरला स्वतःशी जुळवून घेते. खडखडणारे सिलिंडर मात्र योग्य नव्हे. सिलिंडर झटक्याने बंद करण्याची सवय असेल तर ती सोडावी. त्याने क्रेन वाकते, आणि वाकलेल्या क्रेनमुळे वरची सगळी मोजमापे बिघडतात. रॉडही वाकला आहे का, हे सिलिंडर उघडे ठेवून फिरवल्यावर कळते: रॉडचे टोक एका जागी स्थिर दिसावे, डगमगू नये.

शेवटची तपासणी हॅमरच्या पकडीची. हॅमर पूर्ण ताणून, चापाला स्पर्श न करता, अंगठ्याने तो मागून बेताने पुढे ढकलावा. तो सुटला, तर रिव्हॉल्व्हर वापरातून बाजूला ठेवावे. ही दुरुस्ती घरी कानस घेऊन करायची नसते. पकडीच्या कडा वरवर कठीण केलेल्या असतात आणि तो पातळ थर घासला गेला की दोष कायमचा होतो.

तेल, स्क्रू आणि साठवण

तेल कमीच लावावे. क्रेनचा दांडा, इजेक्टर रॉड, हॅमर व चाप यांच्या बाजूच्या फटी, येथे एकेक थेंब पुरतो. नळीतून आणि चेंबरमधून साठवणीसाठी तेलाचे बोट फिरवले असेल, तर गोळ्या झाडण्याआधी ते कोरड्या कापडाने पूर्ण पुसून घ्यावे. नळीत साचलेले तेल गोळीच्या वाटेत येते. कोरड्या चेंबरमध्ये फुललेली पुंगळी भिंतीला धरून राहते. चेंबर तेलकट असेल तर ती मागे घसरते आणि चौकटीवरचा ताण वाढतो. शिवाय पातळ तेल प्रायमरपर्यंत झिरपून काडतूस निकामीही करू शकते.

स्क्रू आवळताना हाताला जेवढे घट्ट लागते तेवढेच घट्ट करावे. वारंवार सैल होणाऱ्या स्क्रूला कमी ताकदीचा, पुन्हा उघडता येणारा थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा द्रव, एक थेंब लावावा, आणि त्याआधी आटे तेलमुक्त करावेत. तेलकट आट्यांवर तो धरत नाही.

चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्व्हर साठवू नये. चामडे कमावताना वापरलेली रसायने आणि त्याने धरून ठेवलेली ओल यांमुळे काही आठवड्यांतच गंज चढतो, स्टेनलेसवरसुद्धा ठिपके उमटतात. रिकामे रिव्हॉल्व्हर हलक्या तेलाच्या कापडाने पुसून, सिलिका जेल ठेवलेल्या कुलूपबंद कपाटात ठेवावे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. पुसल्यानंतर उघड्या बोटांनी पुन्हा हाताळू नये. घामातले क्षार निळ्या मुलाम्यावर बोटांचे ठसे गंजाच्या रूपात कोरून ठेवतात.

वहीत तारीख, झाडलेल्या गोळ्यांची संख्या, काडतुसाचा प्रकार, फट, एंड शेक आणि संशयास्पद चेंबरचा क्रमांक एवढे लिहावे. दर वेळी सगळी मोजमापे घ्यायला नकोत. पूर्ण ताकदीच्या प्रत्येक २००-३०० गोळ्यांनंतर घेतली तरी पुरे. तारा, चेंबरमधले कडे आणि फोर्सिंग कोन मात्र प्रत्येक वेळी पाहावेत, आणि पुढच्या सरावाला निघण्यापूर्वी सिलिंडरवरचे क्रमांक पुसले गेले असतील तर ते पुन्हा लिहून घ्यावेत.